लग्नं आणि अधूनमधून ताडोबा: ७०-२०० एफ/२.८ घ्यावी का?

तुम्ही विचारलंय की नागपुरात लग्नाची कामं करतो, वर्षातून तीन-चारदा ताडोबा-पेंचला जातो, तर दोन्हीकडे चालेल म्हणून ७०-२०० एमएम एफ/२.८ झूम लेन्स सेकंडहँड घेऊ का. लग्नांसाठी घ्या. वाघासाठी घेत असाल तर जरा थांबा.

माझ्याकडे कॅननची ७०-२०० एफ/२.८ आयएस २ आहे, २०१० साली आलेलं मॉडेल (आयएस म्हणजे लेन्समधली थरथर सांभाळणारी यंत्रणा). तिची खरी कमाई रात्रीच्या लॉनवर होते. स्टेजवर जांभळे-निळे एलईडी, बाकी सगळा अंधार. एफ/५.६ ची लेन्स जिथे १२८०० आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता) मागते, तिथे ही ३२०० मध्ये भागवते, कारण एफचा आकडा लहान म्हणजे प्रकाश जास्त, इथे चौपट येतो. मागच्या सीझनला एका लग्नात अंतरपाट सरकला तेव्हा मी पार मागे अडकलो होतो आणि पुढे वर केलेल्या मोबाइलांची भिंत. २०० वर दोन डोक्यांमधून नवरीचे डोळे मिळाले. पापणीवर अडकलेली अक्षतासुद्धा त्यात दिसते. मागच्या-पुढच्या मोबाइलांचा नुसता रंगीत धूर झालाय. हे काम कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या किटच्या लेन्सने होत नाही, भाऊ.

मात्र आयएसवर भाबडा विश्वास नको. ते तुमच्या हाताची थरथर सांभाळतं, वरातीत नाचणाऱ्या मामांचे हात नाही. त्यांच्यासाठी शटर १/२५० सेकंदापेक्षा वेगवानच लागतं.

आता दुखणी. हळद बहुतेक घरीच असते आणि टू बीएचकेच्या हॉलमध्ये ही लेन्स म्हणजे शिक्षा. फुलफ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेरा बॉडीवर ७० एमएमला दोन मीटरवरून उभ्या फ्रेममध्येही जेमतेम एक मीटर मावतो. नवरी पाटावर, मी भिंतीला पाठ लावून, तरी पाय कापले जातात. एपीएस-सी (छोट्या सेन्सरची) बॉडी असेल तर त्याहून वाईट. शिवाय १.२ मीटरच्या आत माझी लेन्स फोकसच करत नाही, म्हणजे मेंदीच्या क्लोजअपला पुन्हा दुसरी लेन्स. वजन १४९० ग्रॅम, बॉडी वेगळी. सकाळच्या हळदीपासून रात्रीच्या रिसेप्शनपर्यंत उचला, मग मनगट स्वतःच हिशोब सांगतं. आणि चोरून क्षण टिपायचं विसरा. एका आजोबांनी मला भर मंडपात विचारलं, "तोफ आणली का जी?"

ताडोब्याचं गणित साधं आहे. वाघ चाळीस मीटरवर असेल तर फुलफ्रेमवर २०० एमएमला तुमची फ्रेम साधारण सव्वासात मीटर रुंद पडते, त्यात वाघ पाव भाग भरतो. ६०० एमएमला तीच फ्रेम २.४ मीटर. २एक्स कन्व्हर्टर (लेन्स आणि बॉडीमध्ये बसणारी, एमएम दुप्पट करणारी जोड) लावला की ४०० एमएम एफ/५.६ होते खरी, पण फोकस सुस्तावतो आणि धार जाते. मग ज्या एफ/२.८ साठी पैसे मोजले, तोच गेला. जंगलासाठी निकॉन २००-५०० किंवा सोनी २००-६०० अशी एखादी लेन्स भाड्याने आणा. तरी मे महिन्यात सकाळ चढली की रस्त्यावरची हवा डोळ्यांसमोर हलायला लागते. त्याला कोणतीच लेन्स औषध नाही. जिप्सी रस्त्यातच अडवून वाघ चालत आला तर मात्र ७०-२०० वालाच हसतो.

सेकंडहँड बघताना मागून मोबाइलचा टॉर्च मारा आणि पुढून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले की फंगस (बुरशी) समजा आणि निघा. मी स्वतः एका पावसाळ्यात बॅग बंद कपाटात विसरलो, सप्टेंबरात उघडली तर कडेला तेच धागे. तेव्हापासून ड्राय कॅबिनेट, म्हणजे ओलावा शोषणारं कपाट. मग विटांची भिंत समोर धरून २०० वर, एफ/२.८ ला एक फोटो काढा. डावीकडच्या विटा कुरकुरीत आणि उजवीकडच्या मऊ असतील तर लेन्स कधीतरी पडलेली असू शकते. हलवल्यावर आतून खुळखुळ आली तर घाबरू नका, आयएस बंद असताना काही लेन्समध्ये ती येतेच.

दिवसाचीच लग्नं जास्त असतील तर ७०-२०० एफ/४ बघा. कॅननची आयएस २ जेमतेम ७८० ग्रॅम आहे, खांदे दुवा देतील. मला रात्रीची कामं जास्त, म्हणून मी जड तीच ठेवली. तुमचं ठरत नसेल तर एक हळद आणि एक रिसेप्शन भाड्याच्या लेन्सवर काढा, घरी येऊन किती फोटो १०० एमएमच्या पुढे काढलेत ते मोजा.

आणि हो, जंगलात जाताना लेन्स टेकवायची बीन बॅग विकत घेऊ नका. घरच्या जुन्या जीन्सच्या पायाची पिशवी शिवा, गेटजवळच्या दुकानातून दोन किलो तांदूळ घेऊन भरा. परत आल्यावर तेच तांदूळ डब्यात.