तीन आकडे, तिन्ही सरकारी. मग घ्यायचा कोणता?

प्रश्न : ताई, मी अंबाजोगाईत एमए समाजशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लघुशोधप्रबंधाचा विषय आहे बीड जिल्ह्यातलं मुलींचं घटतं प्रमाण. हजार मुलांमागे किती मुली, याचा 2011 च्या जनगणनेचा आकडा एका बातमीत 801 मिळाला, दुसरीकडे 807. त्यात एका बातमीत तर देशात हजार पुरुषांमागे 1,020 स्त्रिया असल्याचं वाचलं. सर म्हणतात, विश्वसनीय संदर्भच दे. ते ओळखायचे कसे? आणि या खटाटोपाचा नोकरीला काही उपयोग होतो का?

उत्तर : आधी 801 आणि 807 चा घोळ मिटवू. जनगणनेचे आकडे दोनदा येतात, आधी हंगामी आणि छाननीनंतर अंतिम. 0 ते 6 वयोगटात महाराष्ट्राचं प्रमाण हंगामी आकड्यांत 883 होतं, अंतिममध्ये 894 झालं. तसंच बीडचं 801 चं 807 झालं. बातमीदाराने खोटं लिहिलं नव्हतं, त्या दिवशी हातात तेवढंच होतं. पण ती कात्रणं अजून फिरतायत, आणि त्यावरून उतरवलेले प्रबंधही. गंमत म्हणजे 894 हा आकडा तुला बीडच्या नावावरही सापडेल. तो 2001 चा. म्हणून आकड्याला वर्ष आणि ‘हंगामी की अंतिम’ हे चिकटलेलं नसेल तर तो वहीत घेऊच नकोस. आणि बातमीतून घेण्यापेक्षा थेट जिल्हा जनगणना पुस्तिका उघड.

1,020 चं दुखणं वेगळं आहे. तो आकडा राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीचा, 2019-21 चा. सर्वेक्षण राबवणारी संस्था देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था. पद्धत उघड, नाव मोठं, विश्वासाचा प्रश्नच नाही. तरी तुझ्या कामाचा तो नाही. त्यात सगळ्या वयाच्या स्त्रिया आल्या, म्हाताऱ्या आज्यासुद्धा, आणि बायका पुरुषांपेक्षा जास्त जगतात. शिवाय मोजली गेली ती आदल्या रात्री घरात असलेली माणसं. कामासाठी परगावी गेलेला नवरा त्या घराच्या हिशेबात नाही. त्याच अहवालात जन्मावेळचं प्रमाण हजार मुलांमागे 929 मुली असं दिलंय. ठळक मथळा मात्र 1,020 चा झाला.

माझं म्हणणं एवढंच की ‘विश्वसनीय’ या शब्दावर थांबू नकोस. कुणी मोजलं हे बघून झालं की काय मोजलं, कधी आणि कुठे, हे विचार. या सर्वेक्षणाची जिल्ह्याची पत्रकंही मिळतात, पण जिल्ह्यातली कुटुंबं काहीशेच. तेवढ्या जन्मांवरचं प्रमाण एका फेरीतून दुसरीत सहज वर-खाली होतं, त्यावरून ‘सुधारणा झाली’ असं लिहून मोकळी होऊ नकोस.

सर्वांत जास्त जपून वापरायची ती जन्मनोंदणी. जन्म जिथे होतो तिथे नोंदला जातो. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी! परळीची सून लातूरला बाळंत झाली की मूल लातूरच्या नोंदीत. उलट तुमच्या अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात शेजारच्या जिल्ह्यांतल्या बायका येतात. त्यामुळे एका शहराच्या नोंदवहीतून त्या शहराचं प्रमाण काढणं धोक्याचं. संपूर्ण जिल्ह्याचे आकडे थोडे बरे, पण ही मर्यादा प्रबंधात लिहावीच लागेल.

2012 च्या परळी प्रकरणाच्या, म्हणजे तिथल्या दवाखान्यातल्या बेकायदा गर्भपातांच्या बातम्या तू घेशीलच. घे, पण यंत्रणा कशी हलली, गर्भलिंगनिदानबंदी कायद्याची चर्चा कशी झाली एवढ्यापुरत्या. प्रमाण सिद्ध करायला त्या चालणार नाहीत. परदेशी लेख वाचताना बघ, तिकडे बहुधा शंभर मुलींमागे किती मुलगे असं मोजतात. 107 वाचून चक्रावशील.

एआयने दिलेले संदर्भ एकेक करून शोध. लेख किंवा प्रबंध ग्रंथालयात, शोधगंगेवर (विद्यापीठांच्या प्रबंधांचं ऑनलाइन भांडार), कुठेच सापडला नाही तर खोडून टाक, नाव कितीही भारदस्त असो. पैसे घेऊन आठवड्यात छापून देणारी नियतकालिकं तर सरांच्या टेबलावर नेऊच नकोस.

आता नोकरीचं. उपयोग आहे, फक्त पाटी वेगळी असते. देवनारच्या त्याच संस्थेत लोकसंख्या अभ्यासाचे पदव्युत्तर अभ्यासक्रम आहेत, पुण्याच्या गोखले संस्थेत लोकसंख्या संशोधन केंद्र आहे. आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थांना संशोधन सहायक लागतात, सर्वेक्षणाच्या एजन्स्या माहिती गोळा करायला पदवीधर घेतात. काम बहुतेक कंत्राटी आणि फिरतीचं, हे घरी आधीच सांगून ठेव. सुरुवातीला दोन-तीन वर्षं तशी काढायची तयारी असेल तरच या वाटेला जा.

प्रबंधाला शेवटी एक तक्ता जोड : प्रत्येक आकडा, तो कुणी, कधी, कशावरून काढला, आणि तू घेतला किंवा सोडला तो का. 801 सोडल्याचं कारणही त्यात येऊ दे. मुलाखतीला जाशील तेव्हा ती पानं सोबत ने. पदवीच्या टक्क्यांपेक्षा त्यावर जास्त प्रश्न विचारले जातील.