प्रश्न तुमचे : सुट्टीचे पैसे कुठे धरायचे?

घरातून स्वतःचा व्यवसाय करणाऱ्या वाचकांची बरीच पत्रं या वेळी एकाच दुखण्याची आहेत. त्यातली तीन निवडली आहेत.

प्रश्न : मी दहा वर्षं घरीच ब्लाउज शिवते. गिऱ्हाईक टिकून आहे. श्रावण लागला की दिवाळीपर्यंत आणि पुन्हा लग्नसराईत रात्री एक-दीडपर्यंत मशीनवर बसावं लागतं. गेल्या दोन महिन्यांत तीन ब्लाउज बिघडले. एकाच्या तर दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापल्या गेल्या. दुपारी जरा आडवी झाले की दाराची बेल वाजते आणि मलाच ओशाळल्यासारखं होतं. काम कमी करावं तर पैसे कमी. — मिरज

बाह्यांपासूनच सुरुवात करू, कारण थकवा नेमका तिथे दिसतोय. बाहीचा पुढचा मुंढा मागच्यापेक्षा जास्त खोल कोरलेला असतो. कापड दुहेरी घडी घालून कापलं तर डावी-उजवी आपोआप निघते. पण ब्लाउजपीस तोकडा असला की आपण एकेक बाही वेगळी बसवतो, आणि दुसऱ्या वेळी कागद उलटा ठेवायचं राहून जातं. शिलाई चुकली तर उसवता येते. कापताना चुकलं तर साडीतला पीस गेला तो गेला, मग मॅचिंग शोधत बाजारभर फिरायचं. तेव्हा रात्रीच्या जेवणानंतर कात्रीला हात लावायचा नाही. कटिंग सकाळी, घर शांत झालं की, चार-पाच ब्लाउजचं एकदम. दुपारनंतर शिलाई, तीही दोऱ्याच्या रंगानुसार लावून, म्हणजे दर वेळी बॉबिन बदलावी लागत नाही. रात्री उरलंच तर हूक आणि तुरपाई, दहापर्यंत. काळ्या-जांभळ्या कापडावरचं हातकाम मात्र उजेडातच करा.

आता तासांचा हिशेब. रोज 6 तास, आठवड्याचे 6 दिवस, म्हणजे 36 तास. यातले साधारण 12 तास मापं घेणं, अस्तर-दोरा आणणं, अल्टर आणि दारातल्या गप्पांत जातात. (गप्पा कामातच धरा. गिऱ्हाईक त्यानेच टिकतं.) उरले 24. अस्तराच्या साध्या ब्लाउजला कटिंगपासून हुकापर्यंत अडीच तास धरले तर आठवड्याला 9 ब्लाउज होतात. कटोरी, पायपिंग, मागे नक्षीचा गळा असेल तर त्याहून कमी. तुम्ही 14-15 घेत असणार. वरचे पाच-सहा ब्लाउज म्हणजेच तुमची रात्र.

डायरीत प्रत्येक आठवड्याला 9 ओळी आखा. आठ भरा, एक बुधवारपर्यंत मोकळी ठेवा. अर्जंट आलं तर तिथे, दीडपट दराने. ओळी संपल्या की पुढच्या आठवड्याची तारीख द्यायची. 'बघते, जमवते' हे शब्द तोंडातून गेले की दहावी ओळ रात्रीतून काढावी लागते. दिवाळीसाठी वसुबारसेच्या दहा दिवस आधी नवं कापड घेणं बंद करा, आणि ती तारीख नवरात्रातच सगळ्यांना सांगून टाका.

पैशांचं म्हणाल तर सुट्टी दरात धरलेलीच नसते, म्हणून ती घेतली की नुकसान वाटतं. समजा घरखर्चाला 15,000 आणि दोरा, अस्तर, वीज, मशीनची देखभाल यांना 3,000 असे महिन्याला 18,000 लागतात. वर्षाचे झाले 2,16,000. ते 52 आठवड्यांत वाटले आणि आठवड्याला 9 ब्लाउज धरले, तर एका ब्लाउजचे 462 रुपये पडतात. सण, आजारपण, गावी जाणं यांचे 6 आठवडे वगळून 46 आठवड्यांत वाटले तर 522. म्हणजे वर्षाची दीड महिना सुट्टी ब्लाउजमागे 60 रुपयांना पडते. आकडे तुमचे घालून पाहा. फरक याच्याच आसपास येईल. दर एकदम वाढवू नका. नव्या गिऱ्हाइकाला आजपासून, जुन्यांना पाडव्यापासून.

वेळ खाणारी आणखी एक गोष्ट म्हणजे अल्टर, आणि त्यातली बरीच टाळता येते. सुती अस्तर न भिजवता लावलं की पहिल्याच धुण्यात आक्रसतं, वरचं कापड तसंच राहतं आणि ब्लाउजला चुण्या पडतात. पांढरं, काळं, लाल, हिरवं असं नेहमी लागणारं अस्तर आठवड्यातून एकदा रंग वेगवेगळे ठेवून भिजवा, वाळवा आणि इस्त्री करून घडी ठेवा. जुन्या गिऱ्हाइकाचं मापसुद्धा सहा महिन्यांनी पुन्हा घ्या. वहीतलं माप बदलत नाही, माणूस बदलतो.

कटिंग जमिनीवर बसून करत असाल तर कंबर आधी बोलणार. उभं राहून कोपराच्या चार बोटं खाली येईल एवढ्या उंचीचं टेबल हवं. घरचं टेबल ठेंगणं असेल तर पायांखाली लाकडी ठोकळे घाला.

राहिली बेल. दारावर पाटी लावा: 'कपडे देणे-घेणे सकाळी 10 ते 12, संध्याकाळी 5 ते 7.' पुण्यातला दुकानदार दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवतो, त्यावर विनोद होतात, पण दुकान तेवढ्यासाठी कुणी उघडायला लावत नाही. फोनवर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस घ्या. त्यातल्या 'अवे मेसेज'ला कामाच्या वेळेबाहेर आपोआप उत्तर जाईल असं लावता येतं: 'निरोप मिळाला, संध्याकाळी 5 नंतर बोलू.' ओशाळलेपण लगेच जाणार नाही. पण पाटी बोलली की तुम्हाला बोलावं लागत नाही.

प्रश्न : माझे 14 डबे आहेत, सगळे नोकरीवाले आणि विद्यार्थी. साडेचारला उठते. वर्षभरात एकही दिवस सुट्टी नाही. दुपारी झोपले तर दोन तास जातात आणि उठल्यावर डोकं जड. — कोथरूड, पुणे

दुपारची झोप 20-25 मिनिटांचीच हवी. त्यापुढे गाढ झोप लागते आणि तिच्यातून मधेच उठलं की डोकं जड होतं. वामकुक्षीसाठी अर्ध्या तासाचा गजर लावा, आणि मोबाइल हाताला येणार नाही इतका लांब ठेवा. पण वामकुक्षी रात्रीची भरपाई करत नाही. साडेचारला उठायचं तर सात तासांसाठी साडेनऊला डोळा लागायला हवा, आणि मुलांची जेवणं उरकून ते जमणं कठीण. म्हणून उठण्याची वेळच पुढे ढकलू.

सकाळ खातात त्या पोळ्या. 14 डबे, प्रत्येकी 4, म्हणजे 56. एक किलो कणकेच्या मध्यम 28 होतात, तेव्हा कणीक 2 किलो. हात कितीही चलाख असला तरी एका तव्यावर पोळीला दीड मिनिट जातं, म्हणजे 84 मिनिटं सलग उभं राहणं. एक तर पोळीमागे दर ठरवून दोन तासांसाठी मदतनीस ठेवा. ते परवडत नसेल तर आठवड्यातून दोन दिवस पोळीला सुट्टी द्या: बुधवारी मसालेभात, ताक, पापड, शनिवारी इडली-सांबार. पोरं उलट खूश होतात. त्या दोन दिवशी तासभर जास्त झोपा.

रात्री काय करून ठेवता येतं तेही पाहून घ्या. गवार-घेवडा निवडून ठेवा, मेथी निवडून कोरड्या कापडात गुंडाळा, कडधान्य 8 तास भिजवून कापडात बांधलं की साधारण 12 तासांत मोड येतात. वांगी-बटाटे मात्र आदल्या दिवशी चिरू नका, काळे पडतात. कणीक रात्री मळायची तर वरून तेलाचा हात लावून, घट्ट झाकून फ्रिजमध्ये.

सुट्टीचं साधं आहे. पुण्यात बऱ्याच मेस रविवारी संध्याकाळी बंद असतात, त्याची लोकांना सवय आहे. तुम्ही पूर्ण रविवार घ्या आणि 'महिना म्हणजे 26 दिवसांचे डबे' असं पुढच्या महिन्याचे पैसे घेण्याआधी लेखी कळवा. दोन-तीन डबे तुटतील. तुटू द्या.

प्रश्न : मी घरून भाषांतराचं काम करते. काम असलं की अंगावर येतं, नसलं की काळजीने आराम होत नाही. — नाशिक

काम नाही म्हणून बसून काढलेला दिवस सुट्टीत धरू नका. त्या दिवशी सकाळी दोन तास थकलेली बिलं आणि जुन्या तीन-चार ग्राहकांना दोन ओळींची मेल, मग लॅपटॉप बंद. काळजी मुळात पैसे कधी येणार याची असते, तेव्हा उद्यम नोंदणी करून घ्या. ती ऑनलाइन आणि मोफत आहे. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार नोंदणी असलेल्या लहान व्यावसायिकाचे पैसे, करारात काहीही लिहिलेलं असलं तरी, 45 दिवसांपुढे लांबवता येत नाहीत. नोंदणी क्रमांक प्रत्येक बिलावर छापा.

काम अंगावर येतं तेव्हा दिवसाला 2,000 ते 2,500 शब्दांवर थांबा आणि मजकूर तपासायचा तो दुसऱ्या दिवशी सकाळी. मुदत मागताना हा तपासणीचा दिवस धरूनच मागा. रात्री अकराला 1.5 मिलियनचे दीड लाख झालेले डोळ्यांना दिसत नाहीत. सकाळच्या चहाबरोबर ते 15 लाख करायला अर्धं मिनिट लागतं.