ठेव मोडण्याआधी मुलाच्या गेम्सची यादी मागा

ताई, सांगलीहून लिहिलेलं तुमचं पत्र मिळालं. मुलगा कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरच्या पीसीवर विंडोज ११ बसत नाही, म्हणून ८५,००० चा गेमिंग लॅपटॉप घ्यायचा विचार आहे. ठेव मोडायची की 'नो कॉस्ट' ईएमआय घ्यायचा, असं तुम्ही विचारलंत. मुलगा म्हणतो, जुन्या पीसीवरच लिनक्स टाकतो, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टीम. फुकटच्या गोष्टीवर विसंबायचं का, ही तुमची धास्ती.

मी मुलाच्या बाजूने आहे, एका अटीवर.

व्हॉल्व्ह कंपनीने २०१८ मध्ये स्टीम या आपल्या ऑनलाइन गेम्सच्या दुकानात प्रोटॉन नावाचं सॉफ्टवेअर आणलं. विंडोजसाठी बनवलेले असंख्य गेम्स त्यामुळे लिनक्सवर चालतात. त्यांचा स्टीम डेक हा हातात धरून खेळायचा पीसी २०२२ पासून लिनक्सवरच विकला जातो. कंपनीचा धंदाच त्यावर असल्याने सुधारणा थांबत नाहीत. तुमच्या पीसीत एएमडीचं ग्राफिक्स कार्ड आहे, हेही बरं. ते कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर, लिनक्ससोबतच येतं.

आता अट. तो कोणते गेम्स खेळतो, ते लिहून घ्या. काउंटर-स्ट्राइक २, डोटा २ असेल तर काळजी नको. दोन्ही थेट लिनक्सवर चालतात. पण व्हॅलोरंट किंवा फोर्टनाइट चालत नाहीत. खेळात चीटिंग होऊ नये म्हणून त्यांत बसवलेली यंत्रणा लिनक्सला दारातच अडवते. एपेक्स लेजेंड्सनेही २०२४ मध्ये लिनक्सचा रस्ता बंद केला. मित्रांसोबत रोज व्हॅलोरंटच खेळत असेल, तर लिनक्सने त्याचं समाधान होणार नाही. इतर गेम्ससाठी प्रोटॉनडीबी या वेबसाइटवर खेळणाऱ्यांचे अनुभव वाचता येतात.

पैशाचं म्हणाल, तर लॅपटॉप ही दरवर्षी किंमत उतरणारी वस्तू. मुदतीआधी ठेव मोडली की बँक सहसा व्याज कापते. 'नो कॉस्ट'मध्येही बहुधा प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा १८ टक्के जीएसटी लागतो, शिवाय रोखीची सूट हातची जाते. तुमच्या यजमानांचं हळदीच्या अडतीचं उत्पन्न हंगामावर हलतं, असं तुम्हीच लिहिलंय. अशा घरात दर महिन्याचा हप्ता मला अजिबात पटत नाही, आणि ती एकुलती ठेव दवाखान्याच्या वेळेसाठी राहू द्या.

एक नवी एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, घ्या, लिनक्स तिच्यावर टाकायला सांगा. जुनी डिस्क आधी काढून बाजूला ठेवा, म्हणजे फोटो आणि विंडोज जसंच्या तसं राहील. दोन महिन्यांत जमलं नाही तर जुनी डिस्क परत जोडता येते, आणि तोवर ठेवीवरचं व्याजही चालू राहतं.