यामाहा पी-१४५, रोलँड एफपी-१० की कॅसिओ पीएक्स-एस११००: या तीन डिजिटल पियानोंपैकी कीजचा फील कोणाचा चांगला?

फक्त कीज बघायच्या तर रोलँड. तिन्हींना ८८ वेटेड (खऱ्या पियानोसारख्या वजनदार) कीज आहेत, पण एफपी-१० मधला पीएचए-४ कीबोर्ड तिघांत जास्त वजनदार लागतो. की अगदी सावकाश दाबून बघा: तळाशी पोचण्याच्या जरा आधी बोटाला हलकीशी अडखळ जाणवेल. ग्रँड पियानोत तारेवर आपटणारी हातोडी सुटते तेव्हा असंच होतं, त्याचीच ही नक्कल. शिवाय प्रत्येक कीखाली तीन सेन्सर असल्यामुळे की पूर्ण वर न येताही तोच स्वर पुन्हा वाजवता येतो. खोट एकच: हेडफोन लावून वाजवलंत तर शेजारी बसलेल्याला कीजची खटखट ऐकू येते. रात्री रियाज करणार असाल तर घरच्यांना आधी विचारा!

कॅसिओ दिसायला देखणा आणि सडपातळ, पण त्या सडपातळपणाची किंमत बोटं मोजतात. कीचा आत लपलेला भाग आखूड, त्यामुळे काळ्या पट्ट्यांच्या मधे, मागच्या बाजूला पांढरी की दाबायला चांगलाच जोर लागतो. फक्त पांढऱ्या पट्ट्यांचं सी मेजर स्केल वाजवताना हे कळत नाही. दुकानात चार-पाच काळ्या पट्ट्यांचं एखादं स्केल वाजवून बघा, लगेच कळेल.

यामाहाच्या कीज हलक्या. हार्मोनियम किंवा साध्या कीबोर्डवरून येणाऱ्याला त्या लवकर जमतात, पण पुढे क्लासिकलच्या परीक्षा द्यायच्या असतील तर मी रोलँडच घेईन.

आणि हो, सोबत मिळणाऱ्या चपट्या फूटस्विचवर (स्वर लांबवायला पायाने दाबायचं बटण) भागवू नका, नीट पेडल वेगळं घ्या.