१९९१ च्या मिआटासाठी कामगिरी वाढवणारे सुटे भाग घेताना सुरुवात कुठून करावी?

तुमच्या प्रश्नाचा सारांश असा, की तुम्ही १९९१ ची माझदा मिआटा नुकतीच घेतली आहे, मुक्काम कॅलिफोर्नियात आहे आणि हाताशी असलेल्या दोनेक हजार डॉलरमध्ये एअर इनटेक (इंजिनात हवा नेणारा मार्ग), हेडर (इंजिनातून धूर बाहेर आणणाऱ्या नळ्यांचा संच) आणि एक्झॉस्ट बसवून गाडी अधिक वेगवान करायची आहे. मीही याच राज्यात याच पिढीची गाडी चालवतो, म्हणून स्पष्टच सांगतो: या तिन्हींपैकी एकही वस्तू इतक्यात घेऊ नका.

या गाडीचे १.६ लिटरचे इंजिन नवे असताना ११६ हॉर्सपॉवर देत असे आणि वजन जेमतेम साडेनऊशे किलोच्या आसपास होते. म्हणजे तिची खरी गंमत सरळ रस्त्यावर नसून वळणांवर आहे. मूळ फिल्टरचा डबा काढून शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर बसवला, की तो बॉनेटखालची तापलेली हवाच ओढतो. आवाज वाढतो, ताकद वाढल्याचे मात्र चालवताना फारसे जाणवत नाही.

दुसरी अडचण कायद्याची आहे. कॅलिफोर्नियात दर दोन वर्षांनी होणाऱ्या स्मॉग चेकमध्ये धूर तर मोजतातच, शिवाय बॉनेट उघडून कोणते भाग बदलले आहेत हेही पाहतात. इनटेक, हेडर, टर्बो (इंजिनात दाबाने जादा हवा भरणारे यंत्र) अशा, धुरावर परिणाम करणाऱ्या भागांना कॅलिफोर्निया एअर रिसोर्सेस बोर्डाचा एक्झिक्युटिव्ह ऑर्डर क्रमांक, म्हणजे मंजुरीचा क्रमांक, लागतो. नुसता क्रमांक असून भागत नाही. तो तुमच्याच गाडीच्या मॉडेलला आणि सालाला लागू आहे का, हे बोर्डाच्या यादीत स्वतः पडताळून घ्यावे. जाहिरातीच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘केवळ ऑफ-रोड वापरासाठी’ असे दिसले, तर तो भाग तुमच्यासाठी नाही. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धूर शुद्ध करणाऱ्या डब्याच्या) मागचा एक्झॉस्ट बदलायला सहसा हरकत नसते. फक्त आवाजाची ९५ डेसिबलची मर्यादा लक्षात ठेवावी.

मग पैसे कुठे घालावेत? रबरात. टायरच्या बाजूवर ‘डीओटी’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार अंक पाहा: २३१५ असेल, तर तो टायर २०१५ च्या तेविसाव्या आठवड्यातला. अशा टायरची नक्षी शाबूत असली तरी रबर कडक झालेले असते, आणि मग कितीही महागडा शॉक अ‍ॅब्सॉर्बर लावला तरी गाडी रस्ता धरत नाही. त्यानंतर सस्पेन्शनचे बुश (सांध्यांतली लवचिक नळकांडी) आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदलावेत. पॉलियुरेथेनचे बुश शर्यतीच्या ट्रॅकवर ठीक असतात. रोजच्या वापराला मूळ प्रकारचे रबरीच मला बरे वाटतात. ते बसवताना गाडी जॅकवर असेपर्यंत बोल्ट पूर्ण आवळू नयेत. चाके जमिनीवर टेकून गाडीचा भार सस्पेन्शनवर आला, की मगच आवळावेत, नाहीतर रबर कायम पिळलेल्या अवस्थेत राहते आणि लवकर फाटते. गॅरेजवाल्याला हे आधीच बजावून ठेवा. सस्पेन्शनच्या खालच्या आर्मचे, चाकांचे कोन जुळवण्याचे (अलाइनमेंटचे) बोल्ट गंजून अडकलेले असतात, तेव्हा नवे बोल्ट याच ऑर्डरमध्ये मागवलेले बरे. अलाइनमेंट तर करून घ्यावीच लागेल.

यानंतरही टर्बोची इच्छा शिल्लक राहिली, तर आधी इंजिनाच्या पुढच्या टोकाशी क्रँकशाफ्टची पुली पाहा. १९९० च्या आणि १९९१ च्या सुरुवातीच्या गाड्यांत क्रँकशाफ्टचे नाक, म्हणजे पुली बसते ते पुढचे टोक, आखूड होते. त्यातली, पुली जागेवर धरणाऱ्या चावीची (धातूच्या पट्टीची) खाच झिजून पुली डगमगू लागण्याचा दोष सर्वांच्या परिचयाचा आहे. पुलीवर चार खाचा दिसल्या तर आखूड नाक, आठ दिसल्या तर नंतरचे सुधारलेले. आखूड नाकाच्या इंजिनावर टर्बोचा खर्च मी तरी करणार नाही.

१.६ चा डिफरन्शियलही (मागच्या दोन चाकांत ताकद वाटणारा गिअरसंच) वाढीव ताकदीपुढे कमजोर पडतो, म्हणून अनेकजण १९९४ पासूनच्या १.८ लिटर मिआटाचा जुना टॉर्सन (एकच चाक घसरून फिरत राहू न देणारा) डिफरन्शियल शोधतात. तो घेताना त्याच गाडीचे दोन्ही हाफ शाफ्ट (डिफरन्शियलपासून चाकांपर्यंतचे दांडे) आणि प्रॉपेलर शाफ्टही (गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंतचा दांडा) सोबत मागावेत, कारण तुमचे त्याला जुळणार नाहीत. विकणारा नुसता डिफरन्शियलच देत असेल, तर भाव स्वस्त दिसला तरी तो सौदा सोडून द्यावा. उरलेले भाग सुटे गोळा करताना एकूण खर्च बहुधा पूर्ण संचापेक्षा जास्त होतो.