बदललेला गुडघा किती वर्षं टिकतो?

तुमच्या आईचं वय 63, दोन्ही गुडघे बदलायला सांगितलेत, आणि 'दहा वर्षांनी परत ऑपरेशन' या धास्तीने त्या अडून बसल्यात, असं तुम्ही लिहिलंय. मी गोव्यात, फोंड्याला फिजिओथेरपिस्ट आहे. ही दहा वर्षांची भीती माझ्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक घरात असते. तिच्यापायी माणसं चालणंच सोडतात, याचं मला फार वाईट वाटतं.

2019 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात परदेशातल्या नोंदींवरचा मोठा अभ्यास आला. पूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी साधारण 82 टक्के 25 वर्षं टिकले होते. अर्थात ती माणसं आपल्यासारखी मांडी घालून जेवायला बसत नाहीत, म्हणून आईंना पाटाऐवजी खुर्ची द्या.

झिजतं ते मुख्यतः मधलं प्लास्टिक. मांडीच्या हाडावर धातूचं कवच, नडगीवर धातूची बैठक आणि मध्ये पॉलिथिलीनची चकती, अशी रचना असते. चकतीचे बारीक कण सुटतात, शरीर त्यांच्याशी झगडतं आणि त्यात शेजारचं हाड विरतं. मग सांधा सैल होतो. हल्लीचं प्लास्टिक पूर्वीपेक्षा बरंच चिवट आहे. शिवाय वयाचा फरक मोठा: पन्नाशीच्या सुरुवातीला गुडघा बदललेल्या पुरुषांपैकी सुमारे 35 टक्क्यांना पुढे कधीतरी पुन्हा ऑपरेशन लागतं, सत्तरीनंतर बदलला तर जेमतेम 5 टक्क्यांना.

मला झिजेपेक्षा काळजी वाटते जंतुसंसर्गाची. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या 2023 च्या अहवालात मधुमेहाचं प्रमाण गोव्यात देशात सर्वाधिक होतं, 26.4 टक्के. आईंना साखर असेल तर ती आटोक्यात आल्याशिवाय तारीख घेऊ नका. दात किडलेला असेल तर तोही आधी दाखवा. पुढेही पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या तर अंगावर काढू नका, कारण तिथून शिरलेले जंतू रक्तातून सांध्यापर्यंत पोचू शकतात. आणि शेवाळलेल्या चिऱ्यांच्या पायऱ्यांना कठडा बसवून घ्या. पडल्यावर इम्प्लांटच्या कडेचं हाड मोडलं, तर ते दुरुस्त करणं पहिल्या ऑपरेशनपेक्षा अवघड.

रात्री दुखण्याने झोप लागत नसेल, व्यायाम-औषधं करून झाली असतील, तर 63 हे थांबायचं वय नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. डिस्चार्जच्या वेळी इम्प्लांटच्या खोक्यावरचं स्टिकर फाईलला लावून घ्या, पुढे कधी नुसती चकती बदलायची झाली तर त्यावरचा नंबर लागतो. आणि दुखत नसलं तरी सर्जन सांगतील तेव्हा एक्स-रे काढा. हाड विरायला लागलेलं पुष्कळदा तिथेच आधी दिसतं.