अपडेटआधी राउटर उलटा करून बघा

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: राउटर चार वर्षांचा आहे, त्याच्या सेटिंगच्या पानावर नवीन फर्मवेअर (म्हणजे राउटर चालवणारं आतलं सॉफ्टवेअर) आल्याचं दिसतंय, शेजारच्यांनी ‘हात लावू नका, डेड होईल’ म्हणून घाबरवलंय, आणि संध्याकाळी रखडणारं वायफाय यानं सुधारेल का, हेही विचारलंय.

शेवटचं आधी सांगतो. बहुतेक नाही सुधारणार. संध्याकाळी अख्खी सोसायटी घरी येते आणि वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. टीव्ही आणि लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर टाका, तिथेच निम्मी कटकट मिटेल.

अपडेट करायचं ते सुरक्षेसाठी. २०१४ च्या डिसेंबरात ‘मिसफॉर्च्युन कुकी’ नावाची एक फट उघडकीला आली होती. राउटरचं सेटिंगचं पान दाखवणाऱ्या ‘रॉमपेजर’ या छोट्या सॉफ्टवेअरमधली चूक. ती त्याच्या मूळ कंपनीनं २००५ मध्येच दुरुस्त केली होती! तरी नऊ वर्षांनी जगभरात १ कोटी २० लाख डबे जुनीच आवृत्ती पोटात घेऊन चालू होते. दुरुस्ती तयार असून घरापर्यंत पोचलीच नाही.

आता शेजाऱ्यांची भीती. ती अगदीच खोटी नाही, पण राउटर मरतो तो सहसा दोनच कारणांनी: चुकीची फाइल किंवा मध्येच गेलेली लाइट.

फाइलचं म्हणाल तर राउटर उलटा करा. खालच्या लेबलवर मॉडेलच्या शेजारी बारीक अक्षरात ‘व्हर्जन’ लिहिलेलं असतं. लोक मॉडेल वाचतात आणि हे सोडून देतात, खरी गोम तिथेच आहे. टीपी-लिंकचा आर्चर सी६ घ्या. व्हर्जन २ मध्ये क्वालकॉमची चिप, व्हर्जन ३ मध्ये मीडियाटेकची. नाव एक, आतलं यंत्र वेगळं. शिवाय देशानुसारही फाइल बदलू शकते. राउटर सहसा परकी फाइल नाकारतो, पण त्याच्या भरवशावर राहू नका. फाइल कंपनीच्या साइटवरूनच घ्या, आणि झिप उघडून आतली ‘.bin’ नावाने संपणारी फाइल द्या. झिप तशीच चढवून ‘एरर येतोय’ म्हणणारे दर महिन्याला एक-दोघं भेटतातच.

फायबरवाल्यानं बसवलेला डबा असेल, तर त्याच्या फर्मवेअरच्या वाटेला जाऊ नका. तो ऑपरेटर लांबूनच सांभाळतो. आपण विकत आणलेल्या राउटरपुरतंच हे सगळं.

सुरुवात करण्याआधी सेटिंगचा बॅकअप घ्या, आणि वॅनच्या, म्हणजे बाहेरून येणाऱ्या इंटरनेट जोडणीच्या, पानाचा मोबाइलवर फोटोही काढा, कारण कधी कधी नवं फर्मवेअर जुना बॅकअप घेत नाही. तिथे पीपीपीओई (ऑपरेटरनं दिलेलं नाव-पासवर्ड टाकून जोडायची पद्धत) असेल तर पासवर्डाच्या जागी नुसते ठिपके दिसतील, म्हणजे फोटोचा उपयोग अर्धाच. तो पासवर्ड ऑपरेटरकडून आधीच मागून ठेवा. रात्री अकराला सगळं पुसलं गेल्यावर फोन कोण उचलणार?

लाइटची गोष्ट माझ्या अंगावरची. आमच्या पुण्यात देखभालीसाठी वीज बंद ठेवायची ती गुरुवारी, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि मी अपडेटला बसलो गुरुवारी सकाळी. अपडेट किती झालं ते दाखवणारी पट्टी ६२ टक्क्यांवर असताना पंखा थांबला. राउटर त्या वेळी जुनी मेमरी पुसून नवी लिहीत असतो, त्यामुळे लाइट आल्यावर फक्त पॉवरचा दिवा, बाकी शुकशुकाट. पण चालू होण्याचा अगदी पहिला प्रोग्राम, बूटलोडर, वेगळ्या कप्प्यात असतो आणि तो सहसा शाबूत राहतो. बऱ्याच मॉडेलांत रीसेट दाबून धरून पॉवर दिली की तो केबलवरून फाइल मागतो. मला ते जमायला दुपारचे तीन वाजले, आणि जेवण गार झालं ते वेगळंच. तेव्हापासून राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस आहे. तुमच्या अॅडॉप्टरवर ९ व्होल्ट असेल तर तसाच घ्या. घरच्या इन्व्हर्टरवर विसंबू नका, लाइट जाऊन बॅटरी सुरू होण्याच्या त्या क्षणात काही राउटर बंद होऊन परत चालू होतात.

बाकी काम पाच-दहा मिनिटांचं. लॅन केबल लावा, १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ उघडा, फाइल द्या आणि हात बांधून बसा. पट्टी अडकल्यासारखी वाटली तरी बटण दाबू नका. झाल्यावर अॅडमिनचा पासवर्ड बदला आणि रिमोट मॅनेजमेंट (घराबाहेरून राउटरची सेटिंग उघडायची सोय) बंद आहे ना ते बघा, कधी कधी अपडेटनंतर सेटिंग मूळपदावर जातात.

कंपनीच्या साइटवर तुमच्या व्हर्जनची शेवटची फाइल कोणत्या तारखेची आहे, तेही बघून सांगा. दोन-तीन वर्षं काहीच आलं नसेल तर ओपनडब्ल्यूआरटी या मुक्त, फुकट फर्मवेअरचा विचार करता येईल. सोबत लेबलचा फोटो टाका, पण सिरीयल नंबर, मॅक अॅड्रेस आणि वायफायचा पासवर्ड बोटानं झाकून.